नानांच्या दोन विंडोज

आमच्या कोपरी गावात पत्रिका जुळवून देणारे नाना आहेत ना, त्यांच्या कॉम्प्युटरवर मी नवीन विंडोज टाकायला गेलेलो. म्हणाले, "जुनी काढायची नाही हं. माझा पत्रिकेचा प्रोग्राम तिच्यातच चालतो." मग दोन्ही ठेवल्या. मशीन चालू केलं की विचारतं, जुनी की नवीन? नवीनमध्ये पत्रिकेचा नवा प्रोग्रामही टाकून दिला.

परवा सहज डोकावलो, तर डोंबिवलीचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आलेले, तिची पत्रिका जुळवायला. नाना म्हणाले, "छत्तीसपैकी चौदाच गुण जुळतायत. अठरा तरी हवेत." मुलगी रडायच्या बेतात. नानांनी तिच्याकडे बघितलं. "थांबा, मशीन अडकलंय. रिस्टार्ट करतो."

नवीन विंडोज उघडली. सव्वीस गुण! बाप पेढे आणायला पळाला.

मी हळूच म्हटलं, "नाना, ही चीटिंग आहे."

"अरे, जुना प्रोग्राम कडक, नवा मवाळ. मुलीला मुलगा आवडला असेल तर नवीन, नसेल तर जुनी. उगाच दोन ठेवल्यात का?"

"आणि माझं लग्न जुळवलंत तेव्हा?"

"तेव्हा एकच विंडोज होती रे. तुझे गुण पेनाने वाढवले."