बारीक अक्षरांतली नावं

(टकोमा, २००४. रविवार सकाळ. स्वयंपाकघरातल्या टेबलावर गुरुवारच्या वर्तमानपत्राची दोन पानं पसरलेली.)

वेंडेल : भिंग कुठे ठेवलंस, मार्लिस?

मार्लिस : खिडकीत. कॉफी गार झाली तुझी. तासभर काय शोधतोयस?

वेंडेल : तुझं नाव.

मार्लिस : माझं?

वेंडेल : त्या फुकट ब्राउझरवाल्यांनी वर्गणी काढून जाहिरात दिलीय. देणाऱ्यांची हजारो नावं छापलीत, मुंगीएवढी. आपल्या कॉम्प्युटरवर तू त्यांचाच ब्राउझर घातलायस, मला कळत नाही का?

मार्लिस : घातलाय. पटकन उघडतो. पण वर्गणी नाही दिली.

वेंडेल : आणि माझा उघडत नाही?

मार्लिस : तुझा कुठे, कंपनीचा.

वेंडेल : सहा वर्षं झिजलोय त्यावर. त्यातलं मागच्या पानावर जायचं बटण माझं आहे.

मार्लिस : हे मला माहितेय. आणखी कुणाला?

वेंडेल : कुणाला असणार? कंपनीचा कोड कुलपात, कुणाचं नाव लागत नाही. आणि आमचा गार्थ? दिवसा लाकडाच्या वखारीत हिशेब लिहितो, घरी येऊन त्या ब्राउझरवर फुकट राबतो, तर ओळीओळीवर त्याचं नाव. साऱ्या जगाने वाचावं. जपानमधून आभाराची पत्रं येतात त्याला.

मार्लिस : धाकटा भाऊ आहे तुझा.

वेंडेल : म्हणूनच जास्त जळतो मी. कोड लिहायला मी शिकवलं त्याला, आईच्या तळघरात. आता आई चर्चमध्ये सगळ्यांना त्याची पत्रं दाखवत फिरते.

मार्लिस : तिचे सकाळपासून तीन फोन आले.

वेंडेल : वाजू दे. गार्थचं नाव छापून आलं, हेच सांगणार. मला नाही ऐकायचं.

मार्लिस : पण माझं नाव सापडलं असतं तर काय केलं असतंस?

वेंडेल : ऑफिसच्या कँटीनमध्ये हीच पानं चिकटवलीत. ओळखीचं नाव दिसलं की लाल पेनने गोल करतात. मॅनेजर म्हणाला, आपल्यातला कुणी निघाला तर त्याने खुशाल तिकडेच जावं. शुक्रवारी आडनावं ‘एस’पर्यंत वाचून झाली.

मार्लिस : म्हणजे उद्या ‘टी’. टॉलिव्हर.

वेंडेल : हो. हा बघ, आलाच. गार्थ टॉलिव्हर.

मार्लिस : मग? त्यात नवीन काय?

वेंडेल : त्याच्या खालचं वाच.

मार्लिस : भिंग दे. वेंडेल... वेंडेल टॉलिव्हर.

वेंडेल : तू दिलंस?

मार्लिस : नाही म्हटलं ना. गार्थचा फोन आला होता मागे. म्हणाला, वेंडेलचं नाव एकदा तरी कुठे छापलेलं बघायचंय. मला वाटलं, नुसतं बोलतोय.

वेंडेल : गाढव. नोकरी घालवेल माझी.

मार्लिस : उद्या सांग, तो दुसरा कुणी वेंडेल आहे.

वेंडेल : सांगता येईल.

मार्लिस : सांगशील?

वेंडेल : फोन दे इकडे.

मार्लिस : आज रविवारी ऑफिसात कोण असणार?

वेंडेल : आईला लावतोय. तिला बारीक दिसत नाही. गार्थच्या खालची ओळ तिने वाचली नसेल.