पाय हलवत राहा

— नाही हो, विजयमालाताई, दोरीचे नाहीत ते. पट्ट्याचे आहेत. तनयानं फोटो पाठवला आणि तुम्ही कसब्यातून एवढ्या लांब, विश्रांतवाडीला, एकट्या रिक्षा करून आलात — बरं केलंत, फोनवर बोलण्यासारखं नाहीच हे — पण नवऱ्याच्या मांडीवरचे वळ बघून पोरीनं दोरी म्हणावं आणि तुम्ही ती दोरी मनात घेऊन इथवर यावं, तसलं काही नाही. नीट बसा ना, अशा कडेला काय बसलायत. हे विहारात गेलेत, वंदना झाली की गप्पा, गप्पा झाल्या की चहा, लगेच काही येत नाहीत. आणि उभा जन्म सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढलाय मी, दोरीचा वळ मला कळायचा नाही तर कोणाला कळेल? दोरीचा बारीक असतो, खोल जातो. हा बघा, मोठा करून बघा — चार बोटं रुंद, दोन्ही मांड्यांना सारखा, आणि इथे काखेखाली. गळ्याशी आहे का काही? नाही ना. मग झालं तर.

शिकारीचा पट्टा आहे तो. हो, शिकारीचा. सौरभच्या ऑफिसातला रणजित — सांगलीकडचा, तनयाची आणि त्याच्या बायकोची ओळख आहे — तो हरणाच्या शिकारीला जातो, धनुष्यबाण घेऊन. त्यांच्या त्या देशात चालतं ते, सरकारच परवाना देतं. एका शेतकऱ्याचं रान आहे ओळखीचं, तिथे हा सौरभला घेऊन गेला. आणि माझा मुलगा, ज्यानं इथे कधी उंदराचा पिंजरा उचलला नाही, तो मला फोनवर सांगतो, आई मी मचाण घेतलंय. इथे घरात रोज सकाळी पंचशील म्हणायचं, पहिलंच शील प्राण्याला मारायचं नाही म्हणून, आणि ह्याचं मचाण. ह्यांना सांगितलंच नाही मी. मग म्हटलं जातोच आहे तर निदान पडून मरू नकोस. त्याला दाखवायला लावलं सगळं. ताई, तीन प्रकार असतात त्याचे. एक शिडीचं, झाडाला टेकवून बांधायचं — नवख्यानं तेच घ्यावं, पाय चुकायचा धोका कमी. एक नुसतं टांगायचं, त्याला चढायच्या पायऱ्या वेगळ्या लावाव्या लागतात. आणि तिसरं म्हणजे दोन तुकड्यांचं, वरचा बसायचा, खालचा पाय ठेवायचा — वरचा सरकवायचा, मग पायानं खालचा ओढून घ्यायचा, सुरवंट चढतो ना, तसं माणूस चढतो खोडावर. ह्यानं कुठलं घेतलं? सुरवंटाचं. का, तर पाठीवर टाकून नेता येतं. ह्याच्या सगळ्या निवडी अशाच, पाठीवर टाकून नेता येण्यासारख्या.

पट्टा मात्र मी निवडायला लावला. नुसता कमरेचा नको म्हटलं, पडलास तर श्वास कोंडेल — खांद्यावरून, छातीवरून आणि दोन्ही मांड्यांतून जाणारा घे. घातला कॅमेऱ्यासमोर, तर मांडीचे पट्टे ढिले. म्हटलं दोन बोटं जातील एवढंच, जास्त नाही. पाठीकडून जो वरचा पट्टा निघतो तो झाडाला डोक्याच्या वर बांधायचा, आखूड बांधायचा, बसल्यावर ताणलेला पाहिजे — ढिला ठेवलास तर पडताना जो झटका बसेल तो पाठच मोडेल. आणि जमिनीवरून पाय उचलायच्या आधी अडकवायचा, वर पोचल्यावर नाही. हसायचा. म्हणायचा, आई, तू चढ माझ्याऐवजी. पण ऐकलं हो त्यानं. पट्टा बांधला होता. हे लक्षात ठेवा तुम्ही, बाकी काही लक्षात राहो न राहो. ज्याच्या मनात वेडंवाकडं आहे तो पट्टा बांधून चढत नाही.

तर ती रविवारची सकाळ. तिकडे सकाळ, इथे मी पोळ्या करत होते. रोजच्यासारखा फोन लावला, पहिल्यांदा उचलला नाही, दुसऱ्यांदा उचलला, तर चेहरा नाही, नुसतं आभाळ आणि एक फांदी. आणि आवाज लांबून आल्यासारखा — आई, फोन ठेवू नकोस. काय झालं होतं, त्या दोन तुकड्यांना एकमेकांशी बांधायची एक दोरी असते, ती त्या दिवशी बांधली नव्हती. उभा राहायला गेला, पायाखालचा तुकडा सुटला तो थेट मुळाशी, आणि हा खाली. पट्ट्यानं धरला. पण पट्टा पाठीला, म्हणून तोंड बाहेर, झाड मागे, हात मागे नेला तरी साल नुसती नखाला लागतेय. फोन खाली पडलेला, कुलूप लागलेला. कानात ते बिनवायरचं होतं म्हणून माझा फोन घेता आला, त्याला स्वतःला कोणाला लावता येईना. म्हणजे मी ठेवला असता तर परत लागला असता की नाही कोण जाणे. गॅस बंद केला आणि तशीच ओट्याला टेकून उभी राहिले, हाताला कणीक.

तुम्हाला वाटेल, धरला ना पट्ट्यानं, मग लटकू दे तासभर. तसं नसतं. माणूस नुसता लोंबकळत राहिला की मांडीचा पट्टा आवळतो, रक्त खाली पायात उतरतं ते वर येत नाही. आधी मुंग्या येतात, मग मळमळतं, मग झोप येते — आणि ती झोप वाईट. एक पायाचा फास मिळतो पट्ट्याबरोबर, त्यात पाय घालून उभं राहायचं की भार हलका होतो. तो मी खिशात ठेव म्हटलं होतं. कुठे होता? पिशवीत. पिशवी कुठे? खाली. मग दुसरं काय राहिलं — म्हटलं गुडघे पोटाशी घे, सोड, परत घे, सायकल चालव, पाय हलवत राहा. तेच म्हणत राहिले. बाळंतिणीला कळा द्यायला सांगतात तशी. मधेच म्हणाला, आई, हरणं आलीत खाली, उभी राहून बघतायत. म्हटलं बघू देत, तू पाय हलव.

आणि मला म्हणाला, तनयाला कळवू नकोस. सातवा महिना तिला, घाबरेल, गाडी काढून निघेल. म्हटलं बरं. फोन स्पीकरवर टाकला आणि एका बोटानं तनयाला मेसेज केला, रणजितचा नंबर दे, त्याच्या बायकोला चकलीची भाजणी सांगायचीय. दिला बिचारीनं. शेवटी दोन हसरे चेहरे पण टाकले. मग रणजितला लिहिलं, इंग्रजी अक्षरांत मराठी, कसंबसं. तो देवमाणूस, त्यानं तिकडच्या अग्निशमनवाल्यांना कळवलं, शेतकऱ्याला कळवलं आणि स्वतः मीटिंग अर्धवट टाकून ऑफिसातून निघाला, सगळ्यांच्या आधी शेतकरीच शिडी घेऊन —

काय?

असते हो. तिकडे असते रविवारीसुद्धा एखादी मीटिंग. सगळीकडे वेळा वेगळ्या, इथला सोमवार तिथला —

नसते. बरोबर आहे तुमचं. रविवार नव्हता. मंगळवार होता. घ्या, पाणी घ्या. नको? मी घेते.

मंगळवारी सकाळी डबा घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, तनयाला ऑफिसला जातो सांगून माझा मुलगा झाडावर जाऊन बसला होता. ऑफिस नाहीये. दिवाळीच्या आधीच नोकरी गेली. एका सकाळी आत जायचं कार्डच चालेना दाराला — तिथेच कळलं. दोन महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर देश सोडायचा. मला कधी कळलं? लटकलेला असताना. तनयाला का नको सांगू म्हणून मी जरा जोरात विचारलं, तेव्हा. म्हणाला, आई, तिला वाटतंय मी ऑफिसात आहे. शिकार कसली, ताई. एक बाण सोडलेला नाही त्यानं. रणजित शनिवार-रविवार जायचा, हा आठवड्याचे बाकीचे दिवस जायला लागला. कॉफीच्या दुकानात कोणी ओळखीचं भेटतं, गाडीत बसलं तर पोलीस काच वाजवतो. झाडावर कोणी विचारत नाही. थंडीत दिवसभर बसायचं, डबा खायचा, नोकऱ्यांचे अर्ज फोनवरून भरायचे, पाच वाजता उतरायचं, घरी जाऊन सांगायचं, आज फार काम होतं.

आता तुम्ही म्हणाल, हॉस्पिटलात का नाही गेला. अँब्युलन्स आली होती. उतरवल्यावर त्याला लगेच उभा करू नका, लगेच आडवा करू नका, आधी बसता ठेवा, हे मी इथून ओरडून सांगत होते, रणजितनं खाली पडलेला फोन उचलून ऐकलं, केलं तसं. पण अँब्युलन्समध्ये हा चढेना. कारण विमा. विमा कंपनीचा, नोकरी गेली तसा विमाही गेला — हो. हो, ताई. बाळंतपणाचाही तोच. मला माहीत आहे तुमचं जानेवारीचं तिकीट काढलंय. मला सगळं माहीत आहे. म्हणूनच तर इतके दिवस तुमचा फोन आला की मी ह्यांच्याकडे देत होते.

ह्यांना माहीत नाही. रोज संध्याकाळी ह्यांना सांगते, सौरभ मजेत आहे, काम जास्त आहे. ते विहारात चारचौघांत सांगतात, पोरगा कामात बुडालाय. आता झाडावर जात नाही, मला शब्द दिलाय. लायब्ररीत बसतो. रोज नऊच्या सुमारास फोन करतो, मी विचारते पाय कसे आहेत, तो म्हणतो बरे आहेत, आणि ठेवतो. त्याला म्हटलं तनयाला सांग. म्हणतो, या आठवड्यात सांगतो. तिला मी सांगू शकत नाही, त्यानं शब्द घेतलाय. तुम्हाला सांगायचं नव्हतं. ह्या घरात बसून, ताई, मला कधीकधी वाटतं, माझे पाय जमिनीला लागत नाहीयेत.

पट्टा बांधला होता, हे खरं आहे. मी तेच धरून बसलेय. पण ती मधली दोरी — जी दर वेळी बांधायचा, सुट्टीच्या दिवशी कॅमेऱ्यावर मला दाखवून बांधायचा — ती त्या दिवशी का नाही बांधली, हे मी विचारलं नाही. आणि कोणी पोचायच्या आधी एकदा, मी पाय हलव म्हणत होते, तर एकदम शांतपणे म्हणाला — आई, छातीवरचं बकल उघडलं तर सुटेन का गं? म्हटलं, उघडायचं नाही. म्हणाला, नुसतं विचारतोय. म्हटलं, सौरभ, माझ्याशी बोल, हरणं किती आहेत ते सांग. मोजली त्यानं. चुकून दोनदा मोजली, मी परत मोजायला लावली. बकलाचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. आत्ता तुम्हाला का सांगितलं, मला माहीत नाही.

नका रडू. किंवा रडा, पण तो हातातला फोन बघा, लागतोय का कोणाला. तनयाला लावताय? थांबा. नाही, अडवत नाही मी, माझ्यात आता अडवायचं बळ नाही. तिकडे उजाडलं असेल, तो निघाला असेल घरातून, ती एकटी असेल. तिला आधी खाली बसायला सांगा. पाय वर घेऊन, पाठीला उशी. मग सांगा. पट्ट्याचं आधी सांगा, की बांधला होता. मग नोकरीचं. बकलाचं — ते तुम्ही ठरवा, तुम्ही आई आहात तिची.

वाजतोय? उचलला तिनं. बोला, ताई. बोला ना.