यंदा गौरीला गोळी नाय

मी मूळची सोनिवलीची, बदलापूरकडची. बापाची भातशेती होती, आता तिथं बिल्डिंगी झाल्या, आमचं खळं कुठं होतं ते मलाबी दाखवता येणार नाय. लग्न होऊन अंबरनाथला बुवापाड्यात आले, आणि तेव्हापासून उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात धागे कापते, उभ्यानं.

काय सांगू तुम्हाला ताई, आमच्याकडं तेरड्याची गौर असते, ती घरात आणायची मोठ्या सुनेनं, म्हणजे मी. पाळी आली तर शिवायचं नाय, बाजूला बसायचं. मग काय, मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणायच्या. गौरीला गोळ्या, नवरात्रात गोळ्या, दिराच्या लग्नात गोळ्या. डॉक्टरची चिठ्ठी कोण मागतंय. सासू पाकीट आणून द्यायची, पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहायची, मी गिळली की मग जायची. तिलाबी तसंच शिकवलेलं, तिला तरी काय बोलू.

चाळिशी उलटली आणि सगळं बिघडलं. तीन तीन महिने काय नाय, मग येते ती पंधरा पंधरा दिवस जात नाय. मध्येच कानातून वाफा निघायच्या, पंख्याखाली उभी राहून घाम, नवऱ्यावर उगाच खेकसायची, मग स्वतःच रडत बसायची. आता जिला तारीखच नाय ती पुढं काय ढकलणार, पण आम्ही शहाण्या, मागच्या वर्षी गौरीच्या आधी आठ दिवस गोळ्या चालू. गौर आली, गेली, गोळ्या बंद केल्या, आणि जे सुरू झालं ते बावीस दिवस. सुपारीएवढ्या गाठी पडायच्या, लाज कसली सांगायची. कारखान्यात चक्कर येऊन जीन्सच्या ढिगावर पडले. शेठच्या बायकोनं, सिंधी आहे ती, तिनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं, ते सातवर आलेलं. पिशवीचा तुकडा तपासायला पाठवला, रिपोर्ट येईपर्यंत मी फार घाबरले होते ताई, खोटं कशाला बोलू. रिपोर्ट चांगला आला. शेजारणी बोलायच्या, पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल. बाई बोलल्या, काढायची गरज नाय, पाळी जायच्या आधी काही वर्षं अशी मागंपुढं होते, पण एवढं जायला लागलं की लगेच यायचं, घरात बसून सोसायचं नाय. आणि मनानं गोळ्या गिळायच्या नाय. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

यंदा गौरीच्या आधी सासू पाकीट घेऊन हजर, तांब्यासकट. मी बोलले, नाय घेणार. ती बोलली, मग आली तर. मी बोलले, येऊ दे.

आणि आलीच, गौरीच्या दिवशी, अंघोळ करून साडी नेसले तेव्हा. लपवता आलं असतं, कोणाला कळणार होतं. नाय लपवलं. भरल्या घरात सांगितलं, मला पाळी आलीय आणि गौर मीच आणणार. नवरा मोबाईलमध्ये तोंड घालून बसला. सासू हळूच बोलली, देवीला चालंल का गं. असा राग आला मला, आणि रडूबी. बोलले, आई, ती माहेरपणाला येते, ती बाईच हाय ना, तिला चालत नसंल तर तिनं येऊन मला सांगावं, दुसऱ्या कोणी नाय.

तेरडा घेऊन मी उंबऱ्यापर्यंत आले. गौर घेऊन येणारीच्या पायावर पाणी घालायचं असतं. कोण उठेना. मी पण हलले नाय, बोलले, उभी राहीन दिवसभर. मग सासू उठली, गुडघे धरत धरत, तोच तांब्या घेऊन आली आणि माझ्या पायावर ओतला.

अजून येते कधी, जाते कधी. रक्ताच्या गोळ्या चालू हायत, त्या घेते. पोराचं लग्न ठरतंय. येणारी सून सुखात राहो, आणि तिला पाळी असली तरी गौर तिनंच आणायची, तिच्या पायावर पाणी मी घालीन. हे लिहा ताई, माझ्या नावानं लिहा.