तिन्ही प्लगिनचा सामाईक कोड

परभणीच्या बसस्टँडवर आईजवळ बसून खाणाऱ्या छोट्या ईश्वरीच्या डब्याचं झाकण खणकन पडलं, आणि शेजारच्या बाकावरचे दोघं बोलायला लागले.

“उत्तरा, शब्द तपासायच्या कोडची एकेक प्रत लिहायच्या तिन्ही एडिटर-ॲपना जोडलेल्या प्लगिनमध्ये होती, तेच बरं होतं.”

“एकच चूक तीन जागी दुरुस्त करत बसायचास, मुकुल. आता कोड एकाच सामाईक रेपोत ठेवलाय, तिथं एकदाच करायची.”

“पण तिथं दुसऱ्यानं बघून हो म्हटल्याशिवाय बदल जात नाही. तूच घातलेला नियम.”

“काढून टाक. नव्या नोकरीत मला वेळ नाही मिळायचा.”

“मग माझ्या चुका कोण काढणार?”

“तुझ्या लय नसतात.”

“तू बघणार म्हणून नसायच्या.”

पुण्याची गाडी लागली. उत्तरा चढली. मुकुल लॅपटॉप मांडीवर उघडा ठेवून बसून राहिला.

“आई, ही गाडी परत येताना त्या ताईला आणील का?” ईश्वरीनं विचारलं.