नवं कुलूप आधी कुणाला

रुस्लान : कुणाला विचारून बंद केलीस प्रसूतिगृहाची डेटा लाइन?

पुई यी : मी कशाला बंद करू, बॉस? तिथल्या डॉक्टर लतीफांनीच सकाळी फोन करून बंद करायला लावली.

रुस्लान : त्यांना काय स्वप्न पडलं?

पुई यी : मी सांगितलं. केबलमधल्या माहितीला दोन्ही टोकांना लावायच्या नव्या कुलपांची एकच जोडी आली, क्वांटम कम्प्युटरलाही उघडता न येणारी. ती त्यांना मिळायची होती, तुम्ही बँकेला दिलीत.

रुस्लान : बँक पोसते आपल्याला! तुझा पगार काय ती बाळं देतात?

पुई यी : बँकेची कार्डं चार-पाच वर्षांनी बदलतात. बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब काढून जे वाचतात, पुढे कुठला आजार, बाप कोण, ते कसं बदलायचं?

रुस्लान : आणि चोरणार कोण? तुझा तो क्वांटम कम्प्युटर? कुठंय, दाखव की. कॅन्टीनमध्ये ठेवलाय का?

पुई यी : चोरी आजच होते. केबलमधून जाईल ते कुलपासकट उचलायचं आणि ठेवून द्यायचं. यंत्र येऊ दे ना वीस वर्षांनी. तेव्हा उघडतील. तोवर ही पोरं नोकरीला, लग्नाला उभी असतील.

रुस्लान : ज्योतिष कधीपासून बघायला लागलीस? बाळंतपणाच्या रजेवरून आल्यापासून डोकं ठिकाणावर नाही तुझं.

पुई यी : माझ्या बाळंतपणावर जाऊ नका. माझ्या लेकाचं सगळं याच केबलमधून गेलंय, जुन्या कुलपात. ते आता परत आणता येत नाही. त्याच्यासाठी भांडत नाहीये मी.

रुस्लान : घरातलं ग्राहकाला सांगायचं आणि वर मलाच शिकवायचं! काढ तो पास गळ्यातला.

पुई यी : घ्या.

रुस्लान : आणि समुद्रापलीकडे बटरवर्थची लॅब माझ्या नावानं बोंबलतेय. आजच्या तपासण्या काय हवेतून जाणार?

पुई यी : प्रसूतिगृहाच्या सिस्टर निघाल्यात फेरीबोटीने. तपासण्यांची एकुलती डिस्क पिशवीत आहे त्यांच्या.

रुस्लान : फेरीबोटीने! वा! आणि पिशवी समुद्रात पडली म्हणजे?

पुई यी : मग पुन्हा टाच टोचतील. रडेल बाळ थोडं. पाजलं की झोपेल.