मांडव उडाला तो फोटो

उर्वशी : तेवीस साली, धम्मदीपदादाच्या लग्नात मी काढलेला तो फोटो तुम्ही पाकिटातून काढून घेतला ना, आबाजी?

मारोती : घेतला. दुसरा टाकला, चांगला. सारे रांगेत, साऱ्याईचे डोळे उघडे.

उर्वशी : तो तुमचा आहे! स्पर्धेच्या फॉर्मवर नाव माझं आहे.

मारोती : पोरी, चाळीस वर्षं बाभुळगावात स्टुडिओ चालवला म्या. तुह्या फोटोत वावधनानं मांडव उडून राह्यला, खुर्च्या उलट्या, कोनाची तं चप्पल हवेत, नवरदेवाचं तोंड कापडात. लोक म्हणतीन, पोरीले कॅमेराच धरता येत नाई.

उर्वशी : म्हणू द्या. पाच वाजेपर्यंत यवतमाळला पाकीट पोचलं पाहिजे. आधी एकदा नीट बघा.

मारोती : पाह्यला. गोंधळ हाये निरा.

उर्वशी : गोंधळच हवा होता मला. तुम्ही नुसती पुढची रांग मोजता. यात हलत कोण नाही, सांगा.

मारोती : थांब, चष्मा घेऊ दे... सारेच पळून राह्यले. अन् हे... हे तं तुही आजी!

उर्वशी : मांडवाची बल्ली धरून उभी आहे. हसतेय. कापड बघा, त्या कोपऱ्यातून सरळ तिच्या हातापर्यंत येतं. बाकी सगळे पुसट झाले, म्हणून तर ती दिसते.

मारोती : मंग चप्पल काहून ठेवली? कापाची होती.

उर्वशी : अंगठ्यानं झाकून बघा.

मारोती : झाकली... अरे! वाराच गेला ना वं!

उर्वशी : मग?

मारोती : शटर कितीवर होतं?

उर्वशी : पंधरावर.

मारोती : इतक्या हळू शटरवर हात नाई हालला तुहा? एवढ्या वावधनात?

उर्वशी : श्वास रोखला होता. तुम्हीच शिकवलं.

मारोती : आण ते पाकीट इकडं. तीनची एसटी गाठू. मी येतो संगं.

(आठ दिवसांनी. यवतमाळ, प्रदर्शनाचा हॉल.)

उर्वशी : आबाजी, पहिला! चिठ्ठी लावलीय बघा, पहिला क्रमांक!

मारोती : दिसते मले! ओ भाऊ, जरा सरका, मागच्याईले पाहू द्या. नात हाये माही! नाई जी, उलटा नाई लागला, तो असाच हाये. चप्पल झाकून पहा, मंग समजते!

उर्वशी : हळू बोला, सगळे आपल्याकडेच बघताहेत.

मारोती : पाहू दे! साऱ्या जिंदगीत म्या लोकाईले एकच सांगतलं, हालू नका. तुही आजी, इंदू, तं कॅमेरा दिसला का दगड होये. हासतानी तिचा एक फोटो नाई निघाला माह्या हातून. तुह्या हातून निघाला.

उर्वशी : खाली एक ओळ लिहायला सांगितलीय, फोटोत कोण आहे म्हणून. काय लिहू?

मारोती : लिही. इंदूबाई मारोती मुनेश्वर, बाभुळगाव. वारली, बारा जानेवारी दोन हजार पंचवीस.