आमची रूटबंदी

न्हाय न्हाय, सत्काराचं नावच काढू नका माझ्यापुढं! फेटा बांधला की हो मला, शाल दिली, नारळ दिला... आणि कशाबद्दल? सहा म्हयनं कायबी न अडवल्याबद्दल! सांगा पावणं, इस्वास ठेवायचा तर कुणावर?

तुम्हाला सांगतो, शाहूपुरीत आमची कंपनी, दूध संकलनाचं सॉफ्टवेअर करतीया. प्रोग्राम कंटेनरमधी भरायचं, म्हंजे बंद डब्यात, आणि असलं दोनशे डबं कुबरनेटीस नावाचा मुकादम प्रोग्राम चालवतोय. आता ज्यो त्यो डबा रूट होऊन चालणार! रूट म्हंजे घरमालक. चहाला आलेल्या माणसाला तिजोरीची किल्ली देता का तुम्ही? असला एक डबा फोडला की चोर सगळ्या घरात! म्हणून मी नियम केला, रूट दिसला की दारातनंच म्हागारी. लिवला मी आणि चालू करायला दिला वृषभला. ह्यो वृषभ माझ्या हाताखाली शिकलाय हो, माझ्या ताटात जेवलाय!

रोज इचारायचो, "काय वृषभ, अडवतंय का?" तर म्हणायचा, "लई कडक दादा! प्रोग्राम लिवणारी पोरं रडाय लागल्यात." मी खूश! आमच्या मालकीणबाई अरुणा मॅडम भर मीटिंगमधी म्हणाल्या, "कृष्णातराव आहेत म्हणून आपण निवांत." आणि बांधला फेटा!

काल सहज बघतोय तर... एकशेचाळीस डबं रूट होऊन आत बसल्यात! नियम हाय की, पण नुसता इशाऱ्यावर ठेवल्याला! म्हंजे राखणदार दारात उभा, येईल त्याला म्हणतोय, "बरं न्हवं हं हे," वहीत नाव लिवतोय आणि दार उघडून देतोय! इस्वास ठेवायचा कुणावर?

धरला वृषभला. तर म्हणतोय कसा, "दादा, खरा लावला आसता तर संकलनाचं डबंबी रूट म्हणून अडलं आसतं, सकाळचं संकलन बंद पडलं आसतं. तुमास्नी वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाय." वाईट वाटंल म्हणून! आरं, दुसऱ्यानं वाचून मंजूर केल्याबिगर आमच्यात कायबी चालू होत न्हाय, मग ह्याला मंजुरी दिली कुणी? रेकॉर्ड काढलं... मंजुरी माझी! मिसळ खाताखाता मोबाईलवरनं दिल्याली. न वाचता. वृषभचं हाय, वाचायचं काय?

आज सकाळी त्यानं नवा बदल माझ्याकडं मंजुरीला धाडला. म्हटलं, आता ओळ न ओळ वाचणार! चष्मा लावला, बसलो. तिसऱ्या ओळीला वृषभ मागं येऊन उभा. डोळ्यात पाणी. "दादा... माझं वाचाय लागला व्हय?"

काय करता... दिली मंजुरी.